मी अडवलेलं गाणं

मुकुंद,

फोरमवर तुझी बातमी मीच टाकली. दोन ओळी. त्यापुढे लिहायला गेलं की हात थांबत होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कॉम्प्युटर उघडला तर खाली उत्तरांची ही रांग. अलाबामातला तो निवृत्त पोस्टमन, ज्याच्याशी तू स्टील गिटारवरून वर्षभर भांडलास, त्याने लिहिलं होतं की आज टेक्ससने एक सच्चा माणूस गमावला. वाचून मला हसू फुटलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीने पाणी आणून दिलं तेव्हा कळलं की आपण रडतोय. टेक्सस म्हणे. चिंचवडला जन्मलास, मग ह्या परदेशी शहरात येऊन जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत नोकरी केलीस, चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये संसार केलास. टेक्ससला तू एकदाच गेलास, लग्नाआधी, कंपनीच्या ट्रेनिंगला. पण तिथल्या मोटेलमधल्या रेडिओने तुला जे झपाटलं ते कायमचं.

खरं काय ते त्यांना सांगावं असं वाटलं. मग म्हटलं राहू दे, तूच इतकी वर्षं सांगितलं नाहीस. त्यांच्या लेखी तू टेक्ससचाच राहा.

तुला मेल्या म्हणायची सवय होती मला. 'काय बोलतोस मेल्या, काही कळतंय का?' हे माझं ठरलेलं वाक्य. गेले काही दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेय आणि प्रत्येक वेळी त्या शब्दाशी येऊन अडखळतेय. शिव्यासुद्धा नेल्यास.

कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या झोपायचास तू. बेटाच्या गेटवर पास दाखवायची वेळ आली की शेजारचा तुला कोपराने ढोसायचा. त्या दिवशीही त्याने ढोसलं. डॉक्टरांनी शैलावहिनींना सांगितलं की त्रास काहीच झाला नसणार. असं सगळ्यांनाच सांगत असतील. तुझ्या बाबतीत मात्र मला ते पटलं, कारण तुझा चेहरा नुकताच वाद जिंकल्यासारखा दिसत होता. मी चांगलाच ओळखते तो चेहरा. फार वेळा पाहावा लागला नाही म्हणून लक्षात राहिलाय.

आपली ओळख कशी झाली हे वहिनी कोणालाही सांगायच्या तेव्हा समोरचा हमखास म्हणायचा, छे, असं कुठे असतं का. ऑल्ट-कंट्री ऐकणारी माणसं मुळात थोडी. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतलं गाणं, पण रेडिओवरचं गुळगुळीत नव्हे. ज्याचा गायक दिवसा ट्रक चालवतो आणि संध्याकाळी पन्नास माणसांसमोर गातो, तसलं. मंडळाच्या गणपतीत मी एकदा एकीला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, 'म्हणजे ते टोपीवाले का?' तेव्हापासून मी सांगणं सोडलं. माझ्या वाट्याला हे गाणं आलं ते इथल्या एका जुन्या सीडींच्या दुकानात. ऐकायला कोणी सोबती नव्हतं म्हणून मी इंटरनेटवरच्या त्या फोरमवर जाऊन बसले आणि पहिल्याच महिन्यात तुझ्याशी जुंपली.

तुझं तिथलं नाव निराळं, माझंही निराळं. तू लिहायचास, आज रिफायनरीत शिफ्ट होती, ज्वाळा फार उंच गेली होती, घामाने शर्ट भिजला. मी ठरवून टाकलं की हा टेक्ससच्या किनाऱ्यावरचा कोणी म्हातारा गोरा, डोक्यावर हॅट, भिंतीवर बंदूक, घरात तीन कुत्री. मी लिहायचे, माझ्या खिडकीतून बंदर दिसतं, फेरीबोटी सुटताना दिसतात. तू ठरवलंस की हा उत्तरेकडच्या कुठल्या तरी बंदरातला विशीतला दाढीवाला पोरगा, कॉलेज अर्धवट सोडलेला, बापाच्या पैशावर क्रांती करणारा. असे आपण दोघं इंग्रजीतून एकमेकांचा उद्धार करत होतो. 'तुमच्यासारख्या लोकांनी देशाची वाट लावली,' असंही मी तुला एकदा सुनावलं होतं. कोणता देश ते आपल्या दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.

आणि मग सार्सची साथ आली. तिकडे इराकवर हल्ला झालेला, फोरमवर रणधुमाळी. तुझा तो लाडका गायक स्टेजवर उभा राहून युद्धाला पाठिंबा देऊन मोकळा झाला होता आणि मी त्याला धुऊन काढत होते. तू ऐन रंगात येऊन मध्येच लिहिलंस, उरलेलं नंतर बोलू, गेटवर ताप मोजायला रांग लागलीय. मी ते वाचलं तेव्हा माझ्या तोंडात थर्मामीटर होतं. हार्बरफ्रंटच्या आमच्या जहाज कंपनीच्या ऑफिसात रोज दोनदा मोजायचे, आकडा सांगितल्याशिवाय जागेवर बसू द्यायचे नाहीत. मी थर्मामीटर तसंच दातात धरून तुला वेगळा निरोप पाठवला: टेक्ससमध्ये कधीपासून ताप मोजायला लागले? तुझं उत्तर आलं: कुठलं टेक्सस? मग कोणतं शहर, मग कोणता भाग, मग आडनाव काय. आडनाव कळल्यावर तू एकदम मराठीत लिहिलंस, तेही रोमन अक्षरांत: रविवारी जेवायला या.

मी आले तर दारात तू. अर्ध्या चड्डीतला, बुटका, हातात कोथिंबिरीची जुडी. मला बघून तू आधी माझ्या मागे पाहिलंस, दाढीवाला कुठे राहिला म्हणून. त्या दिवशी आपण दोघं इतके हिरमुसलो होतो की वहिनींनाच बोलणं चालू ठेवावं लागलं.

त्याच रविवारी जेवणानंतर तू सीडी लावलीस. वहिनी कोपऱ्यात मेथी निवडत होत्या. गाणं संपलं आणि त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, 'काय म्हणत होता तो? मला त्याचे उच्चार कळत नाहीत.' तू सांगायला लागलास. मराठीत. कोण माणूस, कुठे चाललाय, मागे कोण राहिलंय. सांगता सांगता मध्येच थांबलास आणि म्हणालास, अरेच्चा, ह्या गाण्यात काहीच घडत नाहीये. वहिनी म्हणाल्या, 'मग एवढं गळा काढून कशाला गातोय?' त्या घटकेला आपली परीक्षापद्धत ठरली. दर रविवारी एक गाणं तू लावायचंस, एक मी. गाणं चालू असताना कोणी बोलायचं नाही. मग ज्याने लावलं त्याने ते वहिनींना मराठीत सांगायचं. चाल नाही, आवाज नाही, गिटार नाही. नुसतं सांगून जे उभं राहील ते गाणं खरं.

किती गाणी त्या मेथीपुढे आडवी झाली. ज्याची बायको सोडून गेलीय आणि जो तीन कडवी दारू पितोय, त्याच्याबद्दल वहिनींनी विचारलं, 'हा कामावर कधी जातो?' हायवेवरच्या हॉटेलात काम करणाऱ्या बाईचं गाणं मी सांगितलं, प्रत्येक गिऱ्हाईकाचं दुःख तिला पाठ असतं, तर म्हणाल्या, 'आणि हिला दिवसभरात बसायला कधी मिळतं? ते नाही का लिहिलं त्याने?' तू टाळ्या वाजवल्यास. फोरमवर मोठमोठी माणसं पानंच्या पानं लिहायची गीतलेखनावर, पण त्या बाईच्या बसण्याचा मुद्दा एकालाही सुचला नव्हता.

माझी आवडती गायिका युद्धाच्या विरोधात होती. तिला आपण नुसतं 'बाई' म्हणायचो, आणि तुझ्या गायकाला 'म्हातारा'. बाईचं सगळं बरोबर असायचं. तिने युद्धावर अख्खी सीडी काढली तेव्हा मी ती मोठ्या ऐटीत घेऊन आले, गाणं लावलं, वहिनींना सांगितलं. वहिनी ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, 'तिला म्हणावं, पटलं. पण ओरडू नकोस, ऐकू येतंय.' तू न बोलता जे चहा ओतत होतास ना, ते माझ्या डोक्यात गेलं. घरी जाताना लिफ्टपर्यंत सोडायला आलास तेव्हा म्हणालास, 'तुझ्या बाईला आधीच माहीत असतं आपण कोणत्या बाजूला आहोत. गाणं लिहिताना माणसाला थोडं कमी माहीत असावं.' मी म्हटलं, तुझ्या म्हाताऱ्याला तर काहीच माहीत नाही, मग तो महाकवीच म्हणायचा. लिफ्ट आली म्हणून वाचलास.

एकदा तू विचारलं होतंस, आपण अमेरिकेच्या राजकारणावरून एवढे का भांडतो. इथे आपल्याला मत नाही, मायदेशी आपण राहत नाही म्हणून तिथेही नाही, आणि अमेरिकेत तर आपल्याला कोणी कुत्रं विचारत नाही. मी म्हटलं, म्हणूनच. कुठेतरी बोलायला नको का? तू हसलास आणि वहिनींकडे बोट दाखवून म्हणालास, 'आपली लोकशाही ही. मतदार एक, पण दर रविवारी मतदान.' वहिनी म्हणाल्या, 'मतदाराला उठून कुकर बंद करायचाय.'

आता माझ्या नकाराबद्दल. प्रत्येकाला एक नकार, असा नियम आपण दुसऱ्या वर्षी केला. जे गाणं समोरच्याने ह्या घरात लावू नये असं वाटेल ते अडवायचं, कारण विचारायचं नाही. तू तुझा नकार कधी वापरला नाहीस. मी वापरला, आणि एका गाण्यावर नाही, अख्ख्या म्हाताऱ्यावर. युद्धाचं मी एक वेळ गिळलं असतं. पण पुढे तो मुलाखतीत म्हणाला की बाहेरून आलेल्यांनी आपापल्या देशात परत जावं, ते आपल्या गावांची रया घालवतात. तुझ्या घरात बसून, पर्समध्ये परदेशी कामगाराचा एम्प्लॉयमेंट पास घेऊन, ह्या माणसाच्या आवाजाला मान डोलवायची हे मला जमणारं नव्हतं. मी म्हटलं, मुकुंद, मी असताना हा इथे गाणार नाही. तू म्हणालास, बरं. मग जरा वेळाने म्हणालास, 'त्याचं एकच सांगायचं होतं मला शैलाला. खिडकीचं.' मी म्हटलं, नाही. तो नकार मला आजही चुकीचा वाटत नाही. तू समोर असतास तर आत्ताही तेच म्हणाले असते.

तुझी गंमत अशी की नियम म्हणजे नियम. मला वाटायचं, माझ्या पाठीमागे तू वहिनींना ते केव्हाच सांगून टाकलं असशील, तुझं घर, तुझी बायको, मी कोण आले. पण नाही. अधूनमधून माझ्या ऑडिटच्या नोकरीवरून चिडवत विचारायचास, 'ऑडिटरबाई, खिडकीवरचा जप्तीचा हुकूम उठला का?' मी म्हणायचे, नाही. तू म्हणायचास, ठीक, पुढच्या वर्षी अपील करतो. फोरमवर मात्र तू त्या गाण्याची बाजू लावून धरायचास. माणूस स्वतःपेक्षा शहाणं गाणं लिहू शकतो, त्याचं श्रेय गाण्याला द्यावं आणि शिव्या माणसाला, असा तुझा सिद्धान्त. मी लिहायचे की शिव्या देताना तुझा हात आखडतो. ह्या वादाचा निकाल लागला नाही. आता लागायचाही नाही, आणि मला ह्याचाच सगळ्यात जास्त राग येतोय. जिंकायचं तर जिंकून जायचं होतंस, हरायचं तर हरून. मध्येच उठून गेलास.

गेल्या वर्षी जहाजांचा धंदा बसला आणि माझी नोकरी गेली, ते आठवतं? नोकरीबरोबर पासही जाणार होता. महिन्याभरात दुसरं काही नाही मिळालं तर गाशा गुंडाळून परत. तू कामावरून परस्पर हार्बरफ्रंटला आलास, त्या उकाड्यात, कंपनीचा युनिफॉर्म अंगात. आपण हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या त्या गर्दीत बसलो. मी तुझ्यावरच तोंड टाकलं. म्हटलं, तुझ्या म्हाताऱ्याला कळव, खूश होईल, एक चालली परत. तुला लागलं ते. तुझ्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. तू तुझ्या लिंबाच्या सरबतातला बर्फ ढवळत बसलास आणि म्हणालास, 'तो तुला ओळखत नाही, नीलिमा. ओळखत असता तर तुझ्यावर गाणं लिहिलं असतं त्याने.' मी म्हटलं, न ओळखताच बोलतो हाच तर माझा मुद्दा आहे. तू सरबत संपवलंस. मग म्हणालास, 'हा मुद्दा बरोबर आहे.' एवढ्या वर्षांत तू मला दिलेला हा एकच मुद्दा, आणि तोसुद्धा माझी नोकरी गेल्यावर.

त्यानंतर तू ओळखीच्या प्रत्येक माणसाला फोन केलास. मला नाही सांगितलंस, वहिनींनी सांगितलं. नवी नोकरी मिळाली ती तुझ्या फोनमुळे की माझ्या नशिबाने, मला माहीत नाही. आभार मानायला गेले तर तू विषय बदलून बँजोवर गेलास. तेव्हा राहिलं ते आता मानते. ऐक निमूट, बँजो मध्ये आणू नकोस. मला ह्या शहरात रविवारी जायला एक घर होतं, ते तू दिलंस. माझ्याशी कोणीतरी बरोबरीने भांडत होतं, ते तू होतास. एकट्या बाईशी लोक फार गोड बोलतात रे. तू कधी गोड बोलला नाहीस. तू गेल्यापासून सगळे माझ्याशी पुन्हा गोड बोलायला लागलेत.

तेराव्याला तुझे थोरले बंधू आले होते. चांगला माणूस. मी कोण हे त्यांना नीट कळेना. वहिनींनी सांगितलं, 'ह्यांची भांडणाची मैत्रीण.' ते गेल्यावर दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, 'रविवारी ये. नेहमीसारखी. जेवायलाच ये.' मी म्हटलं, वहिनी, लगेच कशाला, तुम्ही विश्रांती घ्या. म्हणाल्या, 'विश्रांतीच घेतेय सगळा आठवडा.'

आले. तुझ्या अनघाने दार उघडलं, युनिव्हर्सिटीचं सत्र सोडून आली होती ती मेलबर्नहून. तुझी खुर्ची कोणी हलवली नव्हती आणि तिच्यात कोणी बसतही नव्हतं, त्यामुळे आम्ही तिघी त्या छोट्या खोलीत दाटीने बसलो. जेवणं झाली. वहिनींनी भिजवलेले वाल पुढ्यात घेतले आणि डाळिंब्या सोलायला लागल्या. मी काही लावायला उठले नाही. मला वाटलं, आज नको.

वहिनी मान खाली घालूनच म्हणाल्या, 'तू अडवलेलं एक गाणं होतं ना? ते सांग.'

मी म्हटलं, तो माणूस मला आवडत नाही, वहिनी. म्हणाल्या, 'माणूस नाही सांगायचा. गाणं सांग. हे मला तीन-चारदा म्हणाले, नीलिमाने परवानगी दिली की सांगतो. आता कोणाची वाट बघायची?' अनघा जमिनीवर पाय पसरून बसली होती. ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, 'जस्ट टेल लाह, आंटी. बाबा नेव्हर टोल्ड मी ऑल्सो.'

तुला खरं सांगते मुकुंद. एकीकडे वाटलं, ज्याने आपल्याला चालते व्हा म्हटलं त्याचे शब्द मी माझ्या तोंडाने का बोलू, आणि तेही ह्या घरात, आज. दुसरीकडे वाटलं, मी नाही सांगितलं तर ते आता कोणीच सांगणार नाही. तुझ्या बायकोला तुझं सगळ्यात आवडतं गाणं कधी कळणारच नाही. आणि ते वाईट सांगितलं तर? मुद्दाम नाही, पण राग मनात ठेवून सांगितलं तर? आपल्या परीक्षेत वाईट सांगितलेलं गाणं मरतं हे आपण कितीदा पाहिलं होतं. तुझं एकुलतं एक गाणं माझ्या हातून मरायला नको होतं.

सीडी लावली नाही. त्याचा आवाज मला आत नको होता. नुसतं सांगितलं.

म्हटलं, एक माणूस आहे. लांब कुठेतरी गॅसच्या विहिरींवर कामाला आहे. रोज संध्याकाळी ट्रकने घरी येतो. पण घराच्या अलीकडच्या वळणावरच तो इंजिन बंद करतो आणि उरलेलं चालत येतो, आवाज न करता. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर येऊन उभा राहतो. आत बायको बटाटे सोलतेय, काहीतरी गुणगुणतेय. त्याला बघायचं असतं, आपण नसताना हे घर कसं दिसतं. वरच्या फळीवरचा डबा तो रोज तिला काढून देत असतो. आज ती स्टूल ओढते, चढते, डबा काढते, उतरते. त्याला बरं वाटतं, हिचं अडणार नाही. आणि त्याच वेळी वाईटही वाटतं, हिचं अडणार नाही म्हणून. तसाच उभा राहतो, अंधारतं. मग ती घाबरू नये म्हणून खोकतो, आणि आत जातो. रस्त्यात उशीर झाला म्हणतो. संपलं गाणं.

मी प्रामाणिकपणे सांगितलं.

वहिनींचे हात थांबले होते. मी त्यांच्या प्रश्नाची वाट बघत होते. बटाटे कशाला सोलतेय, असं काहीतरी येईल असं वाटलं. त्यांनी विचारलं, 'हे गाणं ह्यांना केव्हापासून माहीत होतं?'

मी म्हटलं, ट्रेनिंगला गेला होता तेव्हापासून. तुमच्या लग्नाआधीपासून.

'म्हणून,' त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं ते मी तुला सांगते, कारण तुला ते माहीत नाही. म्हणाल्या, 'आपल्या स्वयंपाकघराची खिडकी कॉरिडॉरवर उघडते ना. रोज संध्याकाळी लिफ्ट वाजायची, ह्यांची पावलं यायची आणि मग एकदम काहीच नाही. बेल नाही, किल्ली नाही. आधी मला वाटलं, दम लागतो. मग वाटलं, कामावरचा राग बाहेर झटकून येत असतील. काचेवर सावली पडायची ह्यांची. मी विचारलं नाही कधी. वरही बघायचे नाही. बघितलं असतं तर थांबायचे बंद झाले असते. मला वाटायचं, ह्यांना मला पोळ्या करताना बघायला आवडत असेल. मग मी पोळ्या त्याच वेळी करायला लागले. लिफ्ट वाजली की लाटायला घ्यायची. मग खोकायचे, आणि मी दचकल्यासारखं करायचे.'

अनघा म्हणाली, 'आई, एव्हरी डे?' वहिनी म्हणाल्या, 'रोज.' अनघाने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ती वालाची परात बाजूला सरकवावी लागली.

आता माझं ऐक. वाद अजून संपलेला नाही. गाणं उभं राहिलं, ते मी मान्य करते, आणि खिडकीवरची जप्ती उठवते. म्हाताऱ्याबद्दलचं माझं मत आहे तिथेच आहे. उलट आता तर मी त्याला आणखी एक बोल लावते. तो खिडकीबाहेर उभा राहिला आणि आतल्या बाईला काय दिसतंय हे त्याला कधी विचारावंसं वाटलं नाही. माणसांना बाहेरूनच बघायची खोड त्याची, गाण्यातही आणि गाण्याबाहेरही. तिच्या बाजूचं कडवं त्याने लिहिलंच नाही. ते चोआ चू कांगला, वाल सोलता सोलता, तुझ्या बायकोने सांगितलं. ह्यावर तुझं काय उत्तर असेल ह्याचा मी सगळा आठवडा विचार करतेय. तुझ्याकडे काहीतरी असणारच. तुझ्याकडे नेहमी असायचं.

आणि तूही, मुकुंद. तू इतकी वर्षं त्या कॉरिडॉरमध्ये उभा राहून समजत होतास की आपण आपल्याशिवायचं घर बघतोय. ते तू कधी पाहिलंच नाहीस रे. तू जे बघत होतास ते तुझ्यासकटचंच घर होतं. काचेवर तुझी सावली होती, आणि आतल्या बाईला तू तिथे आहेस हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ती इतकी निवांत लाटत होती.

तुझ्याशिवायचं घर मी त्या रविवारी पाहिलं. संध्याकाळ झाली, वहिनी उठल्या, त्यांनी कणीक मळली आणि पोलपाट घेतला. मी ओट्याशी उभी होते. बाहेर लिफ्ट वाजली, कोणाची तरी पावलं आली आणि पुढे निघून गेली. वहिनींनी हातातलं लाटणं थांबवून मान वर केली आणि खिडकीकडे बघितलं. मग दुसरा उंडा घेतला. पुन्हा लिफ्ट वाजली, आणि त्यांनी पुन्हा मान वर केली.